एक चाक कमी



विषयाला थेट हात घालतो. माझं म्हणणं एवढंच आहे की आखातात नोकरी करणाऱ्या आपल्यासारख्यानं पस्तिशीच्या पुढे-मागे एक तरी अशी गोष्ट शिकायला घ्यावी, जिचा बायोडेटात काडीचा उपयोग नाही, जी चार लोकांच्या देखत शिकावी लागते, आणि जी पहिले दोन महिने अजिबात जमत नाही. माझ्यापुरती ती गोष्ट म्हणजे एकचाकी सायकल. हो, तीच, सर्कशीतली. हसून घ्या, मी थांबतो. :-)

झालं? आता पुढे.

इथे आपण सगळे "येतं" या एका शब्दावर राहतो. इंटरव्ह्यूत विचारतात, अमुक येतं का? आपण म्हणतो, येतं. नोकरी लागते, रेसिडेन्सी लागते, मग घराचा करार, बँकेचं खातं, मुलांची शाळा. सगळे मणी त्या एकाच दोऱ्यात ओवलेले. बायको-मुलांना आणायचं तर पगार किमान ४००० दिरहम हवा, किंवा ३००० आणि वर राहायची जागा. २०१९ मध्ये दीर्घ मुदतीचा गोल्डन व्हिसा आला, पण तो सगळ्यांच्या आवाक्यातला नाही. २०२३ पासून नोकरी जाण्याचा विमाही सक्तीचा झालाय, म्हणजे दोरा तुटू शकतो हे आता कागदावरही आलं. व्हिसा रद्द झाल्यावर ठरावीक मुदतीत नवी नोकरी शोधा, नाहीतर सामान बांधा.

अशा ठिकाणी "मला येत नाही" हे वाक्य फार महाग पडतं. म्हणून आपण ते म्हणत नाही. मीटिंगमध्ये न कळलेल्या गोष्टीवर मान डोलवतो आणि रात्री घरी गुपचूप गूगल करतो. हळूहळू ते वाक्य तोंडातूनच जातं. ऑफिसात नाही, घरी नाही, मित्रांतही नाही. पंधरा वर्षं नोकरी केलेल्या कुणालाही विचारा, तू शेवटचं अगदी शून्यापासून काय शिकलास? बहुतेक जण "ड्रायव्हिंग" म्हणतील. तेही इथलं लायसन्स काढताना नाइलाजानं, दर वर्गाला दिरहम मोजून, आणि पुढच्याच टेस्टमध्ये सुटावं अशी देवाला प्रार्थना करून. ते शिकणं नव्हे, ती परीक्षा.

आता त्या यंत्राबद्दल थोडं, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल.

एकचाकीला एक चाक, एक सीट, दोन पायडल. बस. चेन नाही, ब्रेक नाही, हँडल नाही. आपल्या साध्या सायकलला मागच्या चाकात फ्रीव्हील असतं, त्यामुळे उतारावर पाय थांबवून नुसतं बसता येतं. इथे पायडल सरळ चाकाच्या धुऱ्याला जोडलेली. चाक फिरलं की पाय फिरणार, पाय थांबले की चाक थांबणार. म्हणजे ॲक्सिलरेटर आणि ब्रेक दोन्ही तुमचे पायच. नवशिक्यासाठी २० इंची चाक बरं, लांब जायचं तर ३६ इंचीपर्यंत मिळतात. आणखी एक बारकावा: पायडलांवर डावं-उजवं लिहिलेलं असतं ते पाहून बसवा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. शिवाय सीटलाही पुढची-मागची बाजू असते. पूर्ण सायकल उलटी धरून चालवलीत तर पायडल हळूहळू सैल होत जातात.

इंजिनियर मंडळींना वाटेल, हा तर उलटा लंबक! बरोबर. टीईला कंट्रोल सिस्टिम्समध्ये आपण सगळ्यांनी तो सोडवलाय. तळहातावर काठी उभी धरली की ती ज्या बाजूला कलते त्या बाजूला हात न्यायचा, तेच हे. पुढे कललात तर जोरात पायडल मारून चाक अंगाखाली आणायचं, मागे कललात तर वेग कमी करायचा. डावीकडे तोल गेला तर चाक डावीकडे वळवायचं. समीकरण मला आजही मांडता येईल. आणि त्या समीकरणाचा सीटवर बसल्यावर शून्य उपयोग होतो. मेंदूला कळेपर्यंत बूड जमिनीच्या दिशेनं निघालेलं असतं. हे गणित पायांना कळावं लागतं, आणि पायांना पीडीएफ वाचता येत नाही.

मी सुरुवात केली नोव्हेंबरात. इथे उघड्यावर काहीही शिकायचं तर नोव्हेंबर ते मार्च, हे सांगायला नकोच. जागा म्हणजे आमच्या बिल्डिंगच्या सर्वांत वरच्या मजल्यावरचं उघडं पार्किंग. शनिवार-रविवार पहाटे तिथे गाड्या जवळजवळ नसतात. आधी वॉचमनची, म्हणजे इथल्या भाषेत नातूरची, परवानगी घेतली. त्यानं सायकल उलटसुलट फिरवून पाहिली आणि विचारलं, दुसरं चाक कधी येणार? तोंडावर हसू नव्हतं. त्याला खरंच वाटलं होतं की डिलिव्हरी अर्धवट आलीय.

पहिले दोन आठवडे कठडा. एक हात कठड्यावर, पायडल घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी आडवी, मग अर्धा फेरा, थांबा, अर्धा फेरा, थांबा. इथे मेकॅनिकलवाल्यांना आवडेल अशी एक गंमत आहे. पायडल वर-खाली उभ्या रेषेत आली की तुमचा जोर चाकाला लागतच नाही. इंजिनातला डेड सेंटर तो हाच. इंजिन त्यातून फ्लायव्हीलच्या जोरावर पार होतं. नवशिका मात्र घाबरून नेमका तिथेच थांबतो आणि पडतो. उपाय एकच, थांबायचं नाही. जाता आहात त्या वेगानं तो क्षण निघून जाऊ द्यायचा.

दुसरी गोष्ट वजनाची. भीती वाटली की माणूस पायांवर उभा राहतो. पण दोन्ही पायडलांवर जोर दिला की एक पाय दुसऱ्याशी भांडतो आणि चाक अडखळतं. वजन सीटवर हवं आणि पाय मोकळे. तिसरी गोष्ट नजरेची. चाकाकडे बघितलं की पडलात. नजर समोर, लांब. मी पार्किंगच्या टोकावरच्या पाण्याच्या टाकीकडे बघायचो. या तीन गोष्टी सांगायला एक मिनिट लागतं, अंगवळणी पडायला तीन महिने.

प्रगती मी खांबांमध्ये मोजली. कठडा सोडल्यावर पहिल्या दिवशी दोन अर्धे फेरे. डिसेंबराच्या मध्याला एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत, म्हणजे अंदाजे तीन गाड्या मावतील एवढं. मग दोन आठवडे काहीच नाही. उलट आधी जमत होतं तेही जाईना. आणि मग जानेवारीतल्या एका रविवारी, कालच्यापेक्षा काही वेगळं न करता, सलग पाच खांब. का जमलं ते अजून सांगता येत नाही. आपल्याला सवय असते की लॉग बघायचा, कारण शोधायचं, बग बंद करायचा. इथे लॉगच नाही. इतक्या वर्षांत असा अनुभव मला दुसरीकडे कुठेच आला नव्हता.

आज मी कुठे आहे? आंतरराष्ट्रीय युनिसायकलिंग फेडरेशनच्या कौशल्यांच्या १ ते १० पातळ्या आहेत. पहिल्या पातळीला काय लागतं? आधाराशिवाय चढायचं, ५० मीटर चालवायचं, आणि सायकल पुढे धरून नीट उतरायचं. चालवणं होतं. उतरणं होतं. आधाराशिवाय चढणं दहातून चार वेळा होतं. म्हणजे पहिलीतही मला केटी आहे. :-)

आमच्या बिल्डिंगमधला अकरा वर्षांचा एक मुलगा माझ्याकडून सायकल मागून घ्यायचा. मला आठ आठवडे लागले ते त्यानं दोन आठवड्यांत केलं. नंतर तो मला फार प्रामाणिकपणे विचारायचा, "अंकल, तुम्हाला अजून येत नाही?" मी म्हणायचो, नाही येत. सुरुवातीला हे दोन शब्द उच्चारताना जीभ जड व्हायची. सातव्या-आठव्या वेळी काहीच वाटेनासं झालं. माझ्या दृष्टीनं एकचाकीची खरी कमाई ती. पाच खांब नव्हे.

आता "सर्कस" या शब्दाकडे येतो, कारण सगळ्यात जास्त टोमणे त्यावरून बसले. "काय, सर्कशीत भरती होणार का?" "नोकरीचा प्लॅन बी का?" वगैरे. आपल्या भाषेतही पाहा, कुठे गोंधळ दिसला की आपण म्हणतो "काय सर्कस चाललीय". आणि तेच आपण ऑफिस-घर-ईएमआय यांचं वर्णन करताना मोठ्या अभिमानानं "तारेवरची कसरत" म्हणतो. म्हणजे उपमा चालते, खरी कसरत नको.

खाली एक कॅफेटेरिया आहे. तिथे चहा करणारा माणूस केरळातल्या तलशेरीचा. सायकल घेऊन खाली उतरलो की कडक चहा पुढे करायचा आणि म्हणायचा, "सर्कसवाला सायकल." पण त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्याच्या गावी सर्कस हा आदराचा विषय आहे. भारतातल्या कितीतरी सर्कशींचे मालक आणि कलाकार तलशेरी-कण्णूर भागातले. त्याच्या नात्यात कुणीतरी झुल्यावर काम केलेलं होतं. तो मला सर्कशीची महती सांगत होता आणि मी ऐकत होतो. मग मी त्याला एक गोष्ट सांगितली, जी त्याला अर्धीच माहीत होती, आणि मला वाटतं आपल्यातल्याही बऱ्याच जणांना अर्धीच माहीत असेल.

तलशेरीला सर्कस पोचवली ती मराठी माणसानं. विष्णुपंत छत्रे हे सांगलीकडच्या अंकलखोपचे. गाण्याची हौस म्हणून ग्वाल्हेरला गेले, हद्दूखाँकडे गाणं शिकले, आणि तिथेच घोड्यावरची विद्याही शिकले. १८८० च्या आसपास चिआरिनी नावाच्या इटालियन गृहस्थाची सर्कस मुंबईत आली होती. हिंदुस्थानी माणसाला सर्कस काढायला अजून बराच काळ लागेल असं तिथे कुणी म्हणाल्याचं आणि ते छत्र्यांनी मनावर घेतल्याचं सांगतात. शब्द नेमके काय होते ते सोडा. पण काही काळातच छत्र्यांची ग्रेट इंडियन सर्कस उभी राहिली. फिरत फिरत ती तलशेरीला गेली तेव्हा तिथल्या कीलेरी कुन्हिकण्णन या व्यायाम आणि कळरीच्या शिक्षकाशी त्यांची ओळख झाली. कुन्हिकण्णननी पुढे १९०१ साली तलशेरीजवळ चिरक्करा इथे सर्कशीचं शिक्षण देणारी शाळा काढली. १९०४ मध्ये त्यांच्या शिष्याची, परियाळी कण्णनची, ग्रँड मलबार सर्कस निघाली. आज आपण सर्कस म्हटली की केरळ म्हणतो, त्याची सुरुवात अशी.

इकडे आपल्याकडे सांगलीच्या परिसरात तर सर्कशींची रांगच लागली. म्हैसाळची देवल सर्कस, कार्लेकरांची सर्कस, तासगावची माळींची सर्कस. पुण्यात १९०२ मध्ये जन्मलेले दामू धोत्रे लहानपणीच मामाच्या सर्कशीत शिरले, सायकलीवरच्या कसरतींत तरबेज झाले, आणि १९४० च्या दशकात अमेरिकेत रिंगलिंग ब्रदर्सच्या सर्कशीत वाघ-बिबट्यांचे रिंगमास्टर म्हणून गाजले. आपण "ऑनसाइट" शब्द शिकण्याच्या कितीतरी आधी हा माणूस ऑनसाइट होता. मग सर्कस शब्दाला नाक मुरडायचा हक्क निदान मराठी माणसाला तरी नाही.

पण इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे बोलली पाहिजे, नाहीतर हे नुसतं पूर्वजांचे पोवाडे गाणं होईल. सर्कशीतलं शिकणं हे हौसेचं नव्हतं. तिथली बरीच पोरं गरिबीमुळे आलेली असत, मार खाऊन शिकत. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्याविरुद्ध निर्देश दिले ते उगाच नाही. त्या मुलांना "मला येत नाही" म्हणायची सोय नव्हती. आणि आजही आपल्या आसपास अशी माणसं आहेत. आमच्या पार्किंगवरून समोरचं बांधकाम दिसतं. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करायला इथे बंदी आहे, तेवढा वेळ ते लोक सावलीत आडवे होतात. मी पडलो तर उठून कपडे झटकतो. त्यांच्यातला कुणी पडला तर बातमी होते. तेव्हा हौस म्हणून पडता येणं ही चैन आहे हे मला मान्य आहे. माझा मुद्दा असा की ज्याला ही चैन परवडते त्यानंसुद्धा ती नाकारावी, याला काय अर्थ आहे?

आणि एकचाकी सर्कशीपुरतीच राहिली आहे असंही नाही. जपाननं १९८९ साली प्राथमिक शाळेच्या शारीरिक शिक्षणात एकचाकीला जागा दिली. तिथल्या शाळांच्या आवारात एकचाकी सायकली रांगेत लावलेल्या असतात आणि मधल्या सुट्टीत पोरं त्या घेऊन पळतात, आपण लंगडी-खोखो खेळायचो तशी. म्हणजे जी गोष्ट मला अडतिसाव्या वर्षी पराक्रम वाटते ती तिथे आठ वर्षांच्या मुलीला डब्यानंतरचा खेळ वाटतो. एड प्रॅट नावाचा इंग्लंडचा एकोणीस वर्षांचा मुलगा २०१५ मध्ये घरून एकचाकीवर निघाला आणि जगाला चक्कर मारून २०१८ मध्ये परत आला.

आपल्या धंद्यातलं उदाहरण हवं असेल तर क्लॉड शॅनन घ्या. ज्या माणसानं १९४८ च्या शोधनिबंधात माहितीचं मोजमाप कसं करायचं ते सांगितलं, ज्याच्यावर आपला सगळा डिजिटल संसार उभा आहे, तो बेल लॅब्जच्या बोळांतून एकचाकी चालवायचा, आणि वर हातात चेंडू झेलत. धुरा मधोमध नसलेल्या चाकाची एकचाकीही त्यानं बनवून पाहिली होती. त्याचा त्याच्या संशोधनाला फायदा झाला का? माहितीशास्त्रात एकचाकी कुठेच येत नाही. आणि मला तेच आवडतं. सगळ्या जगात ज्याला "येतं" म्हणत होते, तो माणूस बोळात पडायला तयार होता.

आता नेहमीच्या शंका.

१) "या वयात हाड मोडलं तर?" रास्त शंका. पण एकचाकीवर वेग फार नसतो, साधारण पळणाऱ्या माणसाएवढा, नवशिक्याचा तर चालणाऱ्याएवढाच. हँडल नसल्यामुळे अडकायला काही नाही, बहुतेक वेळा माणूस पुढे पायांवर उतरतो आणि सायकल मागे आपटते. मार बसतो तो नडगीवर, पायडलचा. शिनगार्ड घाला. मनगटाचे गार्ड जरूर घाला, कारण पडताना हात पुढे जातो. हेल्मेट घाला. रस्त्यावर जाऊ नका, चालत्या गाड्यांच्या आसपास अजिबात नको. आणि गुडघ्याचं, पाठीचं जुनं दुखणं असेल तर आधी डॉक्टरला विचारा, किंवा दुसरं काही शिका. माझा आग्रह एकचाकीचा नाही, नवशिकेपणाचा आहे.

२) "मग साधी सायकल काय वाईट?" काहीच वाईट नाही. दुबईत अल कुद्रा आहे, नाद अल शिबा आहे, २०२० पासून दुबई राइडला शेख झायेद रोड सायकलींसाठी मोकळा करतात. जरूर जा. पण दुचाकी सायकल आपल्याला येते. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ती तासावर भाड्यानं आणून, हाफ पायडल मारत, गुडघे फोडून घेत शिकलेली आहे. आता अल कुद्र्याला आपण शिकायला जात नाही, किलोमीटर मोजायला जातो. घड्याळ, ॲप, कुणापेक्षा किती जास्त. ऑफिसच नाही का ते परत?

३) "वेळ कुठे आहे?" मी आठवड्याला दोन वेळा, प्रत्येकी चाळीस मिनिटं दिली. त्याहून जास्त दिली तर उपयोगही नसतो, मांड्या साथ देत नाहीत.

४) "लोक काय म्हणतील?" हेच तर औषध आहे. लोक जे म्हणायचं ते पहिल्या तीन आठवड्यांत म्हणून घेतात. नंतर ते विचारायला लागतात, आज किती खांब?

५) "याचा फायदा काय?" याला मी दोन उत्तरं देतो. पहिलं, काही नाही. दुसरं जरा लांब आहे, तेवढं सांगून थांबतो.

गेल्या वर्षभरात आपल्या क्षेत्रात काय चाललंय ते तुम्ही जाणताच. एआयची नवीन हत्यारं आली. ज्या गोष्टींवर आपली पंधरा वर्षं उभी होती त्यातल्या निम्म्या एखादं पंचविशीतलं पोरगं दुपारच्या चहापर्यंत उरकतं. आमच्या ऑफिसात यावर एक मीटिंग झाली. खोलीत दहा-बारा सीनियर. जे दाखवलं जात होतं ते कुणाला किती कळत होतं ते चेहऱ्यांवरून दिसत होतं, पण माना सगळ्यांच्या डोलत होत्या. मी म्हणालो, हे मला येत नाही, कुणीतरी शेजारी बसून मला शिकवा. खोली जरा शांत झाली. या देशात, या पगारावर, हे वाक्य म्हणायला जोखीम होती, आणि तिचा हिशोब अजून पूर्ण झालेला नाही. पुढच्या अप्रेझलला कळेलच. पण दुसऱ्या दिवशी आमच्या टीममधली सगळ्यात ज्युनियर मुलगी लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी आली. आणि त्या आठवड्यात त्या खोलीतले आणखी दोघं, एकेकटे, आवाज खाली करून, "मी पण बसलो तर चालेल का?" असं विचारत आले.

एकचाकीमुळे हे झालं असा दावा मी करणार नाही. माणूस एका वाहनावर शहाणा होऊन दुसऱ्या टेबलावर उतरत नाही. पण ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, कारण तीन महिने दर शनिवारी-रविवारी मी ते अकरा वर्षांच्या मुलाला, नातूरला आणि चहावाल्याला म्हणत होतो. जिथे त्याची किंमत फक्त नडगीवरचा काळा-निळा डाग आहे अशा ठिकाणी ते वाक्य घोकून ठेवलेलं बरं. जिथे त्याची किंमत व्हिसा आहे तिथे ते पहिल्यांदाच म्हणायची वेळ आली तर जीभ उचलत नाही.

आपल्या मुलांना आपण अबॅकस, कीबोर्ड, पोहणं, बुद्धिबळ, शनिवारची मराठी शाळा असं सगळीकडे पोचवतो, आणि बाहेर गाडीत एसी लावून मोबाइल बघत बसतो. मुलांना घरात दिसतात ते दोन माणसं, ज्यांना सगळं येतं. शिकताना मोठं माणूस कसं दिसतं हे त्यांनी कुठे बघायचं? माझी मुलगी कठड्याशी बसून खांब मोजायची. पाचव्या खांबाच्या दिवशी टाळ्या वाजवेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "काल तू जास्त छान पडला होतास."

तेव्हा मंडळी, तबला घ्या, उर्दू लिपी घ्या, पोहता येत नसेल तर पोहणं घ्या, कुंभाराच्या चाकावर बसा, अरबी बोला, इतकी वर्षं इथे राहून "शुक्रन" आणि "खलास"च्या पुढे आपण गेलेलो नाही. अट एकच, सुरुवातीला ते अजिबात येता कामा नये, आणि ते लपवता येता कामा नये.

कुणाला एकचाकीच करून बघायची असेल तर माझी २० इंची आहे. एप्रिलनंतर ती कपाटावर जाईल. त्याआधी कुठल्याही शनिवारी पहाटे या. सीटची उंची तुमच्या मापाची करून देईन. सूत्र सोपं आहे, सीटवर बसून खालच्या पायडलवर टाच टेकली की पाय जवळजवळ सरळ हवा. चहा खालच्या कॅफेटेरियात, माझ्याकडून.

चूभूद्याघ्या. मतं माझी, पटली नाहीत तर जरूर भांडा.

आपला,
पहिलीतला विद्यार्थी
(शारजा)

ता. क. - नातूरनं परवा विचारलं, दुसरं चाक आलं का? मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, परत करून टाका, पंधरा दिवसांत केलं तर पैसे मिळतात. ह. घ्या.